वसंतातले शनिवार-रविवार, घर आणि लहान मूल: नव्या आईबाबांसाठी मार्गदर्शक

मूल चालायला लागल्यानंतर येणारा पहिला वसंत आईबाबांना गोंधळात टाकतो. थंडीत दारं-खिडक्या बंद होत्या, मूल अंगावर किंवा अंथरुणावर होतं. आता उजेड लवकर येतो, हवा मोकळी वाटते, आणि मूल खिडकीशी, दाराशी, कुंडीशी सगळीकडे स्वतःच पोचतं. आठवड्याचे पाच दिवस कसेबसे निघतात. सुट्टीचे दोन दिवस मात्र समोर मोकळे पडलेले असतात आणि संध्याकाळपर्यंत सगळेच थकून चिडलेले असतात.

हा लेख साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी आहे. घर मोठं असो वा दोन खोल्यांचं, अंगण असो वा नुसती एक खिडकी, इथलं बहुतेक सगळं जमण्यासारखं आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगते: हे दोन दिवस भरून काढायची गरज नाही. सकाळी मुलासोबत एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी आणखी एक छोटीशी गोष्ट, एवढं पुरतं. उरलेल्या वेळात मुलानं आपलं आपण खेळावं आणि आईबाबांनी आळीपाळीनं विसावा घ्यावा. वसंताची हवा आणि उजेड यात मदत करतात, फक्त तयारी थोडी आधी करावी लागते.

पायरी १: शुक्रवारी रात्री दहा मिनिटं बोला

मूल झोपल्यावर दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवा. उद्या सकाळी मुलासोबत कोण उठणार, परवा कोण. घरातलं टाळता न येणारं काम कोणतं. आणि मुलासोबत करायची एक गोष्ट कोणती.

यातली पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वसंतात सूर्य लवकर उगवतो आणि लहान मुलं उजेडासोबत उठतात, त्यांना सुट्टी कळत नाही. दोघंही अर्धवट झोपेत ‘तू बघ ना’ म्हणत बसले की दोघांचीही झोप जाते आणि दिवसाची सुरुवात रागानं होते. शनिवार एकाचा, रविवार दुसऱ्याचा, असं वाटून घ्या. ज्याचा झोपायचा दिवस आहे त्यानं खोलीचं दार लावून खरोखर झोपावं, आतून सूचना देऊ नयेत. उठलेल्यानंही मुलाला घेऊन दर पाच मिनिटांनी काही विचारायला जाऊ नये.

मुलाला एकट्यानं वाढवत असाल तर हे गणित वेगळं आहे. तेव्हा दुपारची झोप हीच तुमची विश्रांतीची वेळ धरा आणि त्या वेळेत घरकाम काढू नका. जवळचं कुणी माणूस आठवड्यातून एक ठरलेला तास येऊ शकत असेल तर मोकळेपणानं मागा. ‘कधीतरी ये’ पेक्षा ‘शनिवारी दहा ते अकरा येशील का’ असं विचारलं की लोकांना हो म्हणणं सोपं जातं.

पायरी २: खिडक्या उघडण्याआधी घर मुलाच्या उंचीवरून बघा

ही पायरी वगळू नका. इथे मी सविस्तर लिहिते आहे, कारण ऋतू बदलला की घरातले धोकेही बदलतात.

गुडघ्यावर बसा आणि प्रत्येक खोली त्या उंचीवरून पाहा. खिडकीजवळ पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी असेल तर ती हलवा. चालायला लागलेलं मूल काही आठवड्यांतच चढायला लागतं आणि ते चढणं तुम्हाला दिसण्याआधी सुरू झालेलं असतं. खिडकीला गज नसतील तर ती दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही अशी अडकण बसवून घ्या. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. ती किडे अडवते, मूल अडवत नाही. वरून उघडणारी खिडकी असेल तर वरचाच भाग उघडा. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्या गळ्याभोवती अडकू शकतात, त्या मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर गुंडाळून बांधा.

बाल्कनीचा कठडा बघा. दोन गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको आणि कठड्याजवळ पाय ठेवून चढता येईल असं काहीही नको, मोठी कुंडीसुद्धा नाही. बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला कडी असू द्या.

मग झाडं. घरात आणि दारात शोभेसाठी लावलेली काही झाडं विषारी असतात. कण्हेरीचे सगळे भाग विषारी आहेत. डिफेनबॅकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते. वसंतात फुलणाऱ्या डॅफोडिलचे कंद कांद्यासारखे दिसतात आणि तेही विषारी असतात. ज्या झाडाचं नाव माहीत नाही ते मुलाच्या हाताबाहेर ठेवा.

या दिवसांत घराची मोठी सफाई निघते. त्या वेळी साफसफाईची औषधं खाली काढली जातात आणि तिथेच राहतात. ती कुलपात परत गेली की नाही हे पाहणं हे सफाईचंच काम समजा. ब्लीच कधीही आम्लात किंवा अमोनियात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. उरलेलं औषध पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कपाटामागून जुने रिमोट, बंद पडलेली खेळणी निघतात, त्यांतल्या चपट्या गोल बॅटऱ्या लगेच बाजूला काढा. गिळलेली अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा करते. नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि पाणी. लहान मूल जेमतेम पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होतोच असं नाही. बादल्या, टब, झारी वापरून झाल्या की रिकाम्या करून पालथ्या घाला. साठलेलं पाणी नसलं की डासही कमी होतात, तो दुसरा फायदा.

पायरी ३: दिवसाचा सांगाडा आठवड्यासारखाच ठेवा

सुट्टी आहे म्हणून जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा सोडून दिल्या तर त्याची किंमत सोमवारी मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात डुलक्या धरून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यातला किमान तासभर धावपळ, उड्या, दम लागेल असं खेळणं हवं. हे तीन तास एका दमात पूर्ण करायचे नसतात. जिना चढणं, उशांवर लोळणं, गाण्यावर नाचणं, सगळं त्यातच धरलं जातं.

बहुतेक मुलं दीड वर्षाच्या आसपास दोन डुलक्यांवरून एका डुलकीवर येतात. हा बदल चालू असेल तर काही आठवडे मूल सकाळी अकरालाच पेंगेल आणि मग संध्याकाळी पाचला रडेल. अशा वेळी दुपारचं जेवण पुढे-मागे करा, झोप लवकर द्या. तेवढे आठवडे बाहेरचे बेत ठरवू नका.

पायरी ४: सकाळची एक गोष्ट

सकाळी न्याहारीनंतरचा तास-दीड तास मुलं सर्वांत ताजी असतात. ठरवलेली गोष्ट तेव्हाच करा. माझी पहिली पसंती बी पेरण्याला, कारण ती पुढच्या शनिवारपर्यंत पुरते.

एक पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या. आतून टिश्यू पेपरचे दोन-तीन थर लावा आणि ते ओले करा. कागद आणि बरणीची भिंत यांच्यामध्ये घेवड्यासारखं मोठं बी सरकवा, म्हणजे ते बाहेरून दिसेल. मुलाचं काम पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत बी फुगतं, साल फाटते, मग आधी मूळ बाहेर येतं आणि ते खालीच जातं. कोंब नंतर वर येतो. तीन-चार वर्षांच्या मुलासोबत एक प्रयोग जरूर करा: मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की बरणी आडवी ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ पुन्हा वळून खाली जाताना दिसेल. ‘त्याला खाली कुठे आहे ते कसं कळलं?’ असा प्रश्न मुलानं विचारला तर लगेच उत्तर देऊ नका, त्याला काय वाटतं ते आधी ऐका.

हवा अजून गार असेल तर बरणी घरातच ठेवा. घेवड्याचं बी दहा अंशांखालच्या थंड, ओल्या मातीत रुजण्याऐवजी कुजतं. मुळ्याचं बी थंडी सोसतं आणि आठवड्याच्या आत उगवतं, म्हणून कुंडीत थेट पेरायला ते बरं. फक्त दोन काळज्या घ्या. पहिली, दुकानातल्या गुलाबी-हिरव्या रंगाच्या बियांना बुरशीनाशक लावलेलं असतं, त्या मुलाच्या हातात देऊ नका. दुसरी, मोठं बी घशात किंवा नाकात अडकू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एका वेळी एकच बी द्या आणि समोर बसून राहा. उरलेल्या बिया मोजून परत डब्यात टाका.

कुंडीला पाणी मुलालाच घालू द्या. ते जास्तच घालेल. म्हणून कुंडीला खाली भोकं हवीत आणि मुलाच्या हातात लहान मग अर्धाच भरून द्यावा. मातीत खेळून झाल्यावर साबणानं हात धुणं आणि धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असणं, एवढं पुरेसं आहे. माती कपड्यांना लागणारच, त्यासाठी जुने कपडे बाजूला काढून ठेवा आणि मग ओरडू नका.

बी पेरायचं नसेल तर पाणी आहे. परातीत दोन बोटं पाणी, एक चाळणी, दोन वाट्या, एक फडकं. एक वर्षाचं मूल ओतत बसतं, तीन वर्षांचं मूल काय बुडतं नि काय तरंगतं ते पाहतं. तुम्ही हाताच्या अंतरावर बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. ऊन असेल तर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मुलाच्या सावलीभोवती खडूनं रेघ ओढा. मध्यान्हीची सावली सर्वांत आखूड का, हे त्याला पाच वर्षांनी कळेल, पण ती आखूड आहे हे आजच दिसतं.

पुढच्या शनिवारी नवीन काही शोधू नका. तेच पुन्हा करा. मुलांना पुनरावृत्ती हवी असते, कंटाळतो तो आपणच.

पायरी ५: खेळणी कमी बाहेर ठेवा

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारांनी खेळली. घरी याचा वापर सोपा आहे. निम्म्याहून जास्त खेळणी डोळ्यांआड ठेवा आणि शुक्रवारी रात्री दोन-तीन बदला. सोबत रिकामी खोकी, झाकणं, जुनी ओढणी, लाकडी चमचे असं सुटं साहित्य ठेवा.

मूल स्वतःशी खेळत असेल तर मध्ये पडू नका. ‘अरे वा, काय करतोयस?’ असं विचारलं तरी त्याचं लक्ष मोडतं. ते तुमच्याकडे बघेल तेव्हा बोला.

पायरी ६: आवराआवर त्याच्यासोबत करा

मूल झोपल्यावर सगळं उरकू, असं म्हणत बरेच आईबाबा स्वतःची विश्रांती गमावतात. थोडं काम मुलासोबत करा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की अठरा महिन्यांची मुलंही अनोळखी माणसाला, कुणी न सांगता, पडलेली वस्तू उचलून देतात. मदत करायची ओढ त्या वयात असतेच. तिला काम द्यायचं असतं.

ओलं फडकं देऊन खालचा कप्पा पुसायला सांगा. मोज्यांच्या जोड्या लावू द्या. धुतलेले कपडे टबातून एकेक काढून तुमच्या हातात देऊ द्या. काम दुप्पट वेळ घेईल आणि तुम्हाला ते नंतर पुन्हा करावं लागेल, पण मुलासमोर करू नका.

याच सफाईत थंडीचे कपडे आणि बूट बाजूला निघतात. बूट घालून मुलाला उभं करा आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा आहे का ते दाबून पाहा. दुसऱ्या वर्षात पावलं भराभर वाढतात आणि थंडीतले बूट वसंतात घट्ट झालेले असतात. बाहेर जायला अचानक नकार देणारं मूल कधीकधी पाय दुखतोय एवढंच सांगत असतं.

पायरी ७: दाराबाहेर थोडा वेळ

अंगण, गच्ची, बाल्कनी, इमारतीखालचा रस्ता, काहीही चालेल. कुठे पोचायचं नाही एवढं मनाशी ठरवा. मूल मुंगीजवळ थांबलं तर तिथेच थांबा. वसंतात कोवळ्या फांदीवर मावा नावाचे बारीक किडे दिसतात आणि ते खाणारे ठिपकेदार लाल भुंगेही त्याच फांदीवर सापडतात. एवढी एक फांदी अर्धा तास पुरते. पक्षी घरटं बांधत असेल तर लांबूनच पाहा, जवळ जाऊन डोकावू नका.

सकाळी गार, दुपारी गरम अशी हवा असते, म्हणून एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घाला. मुलाला थंडी वाजते का ते हातांवरून कळत नाही, मानेमागे हात लावून बघा. मान घामेजली असेल तर एक थर काढा. हवा गार असली तरी ऊन लागतं. अतिनील निर्देशांक (उन्हातल्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) तीन किंवा त्याहून जास्त असेल तर टोपी, सावली आणि सनस्क्रीन हवं. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. सहा महिन्यांखालचं बाळ थेट उन्हात नेऊच नका.

शिंका, पाण्यासारखं नाक, खाजणारे डोळे आणि ताप नाही, असं बाहेर गेल्यावर वारंवार झालं तर परागकणांचा त्रास असू शकतो. दोन वर्षांखाली तो सहसा दिसत नाही, तिथे बहुधा साधी सर्दीच असते. घरी आल्यावर कपडे बदला, तोंड-हात धुवा, कोरड्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा. सर्दी-अ‍ॅलर्जीचं औषध आपल्या मनानं देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

पायरी ८: दुपार आणि किरकिर

झोपेनंतरचा तास अवघड जातो. मूल उठतं तेच रडत, आईबाबा कंटाळलेले असतात, बाहेर अजून लख्ख उजेड असतो. इथेच स्क्रीन हातात दिली जाते. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन देऊच नये आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचना सांगतात. तो तास वापरायचाच असेल तर शेजारी बसून वापरा. मी आधी पाण्याचा घोट, थोडं खाणं आणि दहा मिनिटं मांडीवर, हा क्रम सुचवेन. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच रडं ओसरतं.

हट्टानं जमिनीवर लोळण घेतली तर समजावू नका. त्या वेळी शब्द पोचत नाहीत. डोकं आपटणार नाही एवढं बघा, जवळ बसा, आवाज खाली ठेवा. शांत झाल्यावर एका वाक्यात काय झालं ते सांगा: ‘तुला अजून पाणी खेळायचं होतं, म्हणून राग आला.’ दोघांपैकी एकाचा तोल जाऊ लागला तर दुसऱ्यानं काही न विचारता मूल घ्यावं. हेही शुक्रवारीच ठरवून ठेवा.

पायरी ९: लांबणारी संध्याकाळ

दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात त्या विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात २० मार्चच्या आणि दक्षिण गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस सर्वांत झपाट्यानं लांबतो. संध्याकाळचा उजेड शरीराला ‘अजून झोप नको’ असं सांगतो आणि मूल झोपेच्या वेळी टक्क जागं राहतं. झोपेआधी तासभर पडदे ओढा, दिवे मंद करा, दंगा थांबवा. पहाटे फार लवकर जाग येत असेल तर जाड, गडद पडदा पहिला उपाय.

काही देशांत वसंतात घड्याळ एक तास पुढे जातं: युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी. तिथे राहत असाल तर चार-पाच दिवस आधीपासून जेवण, अंघोळ आणि झोप रोज दहा-पंधरा मिनिटं अलीकडे आणा आणि सकाळी उठल्याबरोबर पडदे उघडा.

रविवारी संध्याकाळी नवीन काही काढू नका. अंघोळ थोडी लवकर घाला, उद्याचे कपडे मुलाच्या हातानं खुर्चीवर ठेवा आणि सोमवारी कोण कुठे जाणार, त्याला घ्यायला कोण येणार, ते दोन वाक्यांत सांगा. बरणीला आठवडाभर पाणी कोण शिंपडणार, तेही तेव्हाच ठरवा.